हळदीच्या आठवड्यातला अंदाज

मार्चअखेरच्या आभाळाचा मला राग येतो. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईनं असं बोलू नये, पण येतो. धड हिवाळा नाही, धड उन्हाळा नाही. नांदेडात पहाटे अंगावर चादर ओढावी लागते, दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो, आणि चार वाजले की लातूरच्या अंगानं काळपट ढग वर यायला लागतात. कधी ते नुसते गुरगुरून निघून जातात, कधी दहा मिनिटांत उभा गहू आडवा करतात. आज काय करायचं हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं.

दर शुक्रवारी दुपारी हवामान खात्याचा येत्या आठवड्याचा अंदाज येतो. मोबाइलवर एक तक्ता उघडतो. डावीकडे मराठवाड्यातले जिल्हे, वर वार, मधल्या चौकोनांत हिरवा नाहीतर पिवळा रंग. खाली चार ओळी असतात, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता’ अशा थाटाच्या. उमरीच्या पुढे आमचं गाव. तिथल्या ग्रुपवर कुणीतरी हा कागद टाकायचं आणि त्याच्याखाली लगेच कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू व्हायच्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. कागद उघडतो कोण? आणि न वाचलेला कागद मला बघवत नाही, ही जुनी खोड. निवृत्त होऊन घरी बसले होते. तो कागद आपल्या बोलीत सांगून दोन मिनिटांचा आवाज मी ग्रुपवर पाठवायला लागले.

सुरुवातीला कागदाला धरून बोलायचे. तुरळक म्हणजे काय, शक्यता म्हणजे काय, एका गावात पडतो आणि शेजारच्या गावात धूळ उडते ती कशी, सगळं सांगायचे. लोक शेवटपर्यंत ऐकायचे आणि खाली एकच उत्तर यायचं, ‘बाई, येतो का न्हाई तेवढं सांगा.’ एकानं तर लिहिलं की बाईनं आभाळाचीपण शाळा केली. मला हसू आलं आणि लागलंही. वर्गात मीच पोरांना ओरडायचे, हो की नाही ते बोल, मध्ये लोंबकळू नकोस. ती पोरं आता चाळिशीची होऊन माझ्याकडून तेच मागत होती.

मग मी गाळायला लागले. पिवळा चौकोन दिसला की ‘येणार’, हिरवा दिसला की ‘येत नाही, खुशाल कामं करा’. आवाज अर्ध्या मिनिटावर आला आणि ऐकणारे दुप्पट झाले. दोन वर्षं नशिबानं साथ दिली. एकदा गारांच्या आदल्या दिवशी मी करडई काढून घ्या म्हणाले होते, ते खरं झालं. तेव्हापासून विहाराच्या कट्ट्यावर गेले की माणसं सरकून जागा द्यायची. लग्नाचा मांडव शेतात घालू का, छत गळतंय ते या आठवड्यात उघडू का, असे फोन यायचे. उदगीरला मी नऊ वर्षं नोकरी केली होती. तिथला एक जुना विद्यार्थी चिंच सुकत घालण्याआधी विचारू लागला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. निवृत्तीनंतर माणसाला घरातली मांजरसुद्धा विचारत नाही. मला पाच गावं विचारत होती.

त्या पाच गावांत माझी वहिनी होती. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गेल्यावर तिनं शेत सोडलं नाही. मुलं पुण्याला नोकरीला. ती म्हणायची चल, वहिनी म्हणायची तिकडं तिसऱ्या मजल्यावर मी काय पेरू? भावकीनं सांगितलं, सोयाबीन टाक, सोपं असतं. हिनं अडीच एकरांतल्या एका एकरात हळद लावली. दादाला हळदीची फार हौस होती, पण दर वर्षी काहीतरी निघायचं आणि राहून जायचं. त्याच्या माघारी तिनं ती लावली, नऊ महिने पाणी दिलं, आणि मार्चमध्ये बायका लावून निम्मी काढली. ओल्या हळदीचा ढीग लिंबाखाली घातला आणि वरून हळदीचाच पाला झाकला.

हळद काढली म्हणजे संपलं असं नसतं. ती शिजवावी लागते, आणि शिजवली की पंधरा दिवस कडक उन्हात वाळवावी लागते. शिजलेल्या हळदीवर एक सर आली तरी ती काळवंडते, बुरशी धरते. न शिजवता ढिगात ठेवली तर चार-सहा दिवस धीर धरते, मग आतून तापते आणि सडायला लागते. म्हणून कधी शिजवायची हा एकच प्रश्न असतो आणि तो आभाळाला विचारायचा असतो.

शिजवायला गावोगाव एक कुकर फिरतो. ट्रॅक्टरमागं ओढायची लोखंडी भट्टी, वाफेवर हळद शिजवणारी. आमच्या भागात तो एका भाईंचा आहे. त्यांचे आजोबा उमरीत भांड्यांना कल्हई करायचे, वडिलांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं, आणि भाईंनी स्वतःच्या हातानं हा कुकर जोडला. नंबर लावण्यात ते फार कडक. कुणाचा पाहुणा, कुणाचा पुढारी, काही चालत नाही. आपला नंबर आला आणि आपण सोडला, तर पुढचा माणूस घेतो आणि आपण रांगेच्या शेवटी जातो. त्या वर्षी शेवट म्हणजे पंधरा दिवस होते.

वहिनीचा नंबर रविवारी होता. शुक्रवारी तक्ता आला. सोमवार-मंगळवारी लातूर आणि नांदेड दोन्ही चौकोन पिवळे होते. मी नेहमीसारखं सांगून टाकलं, सोमवारी पाऊस येणार. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिनं ग्रुपवरचा आवाज ऐकला होता, तरी तिला माझ्या तोंडून पुन्हा हवं होतं.

“बाई, नंबर घेऊ का सोडू?”

मी विचारलं, ढीग किती दिवसांचा आहे? ती म्हणाली, तीन. मी खिडकीतून बाहेर बघितलं. खरंच बघितलं. जणू नांदेडच्या तिसऱ्या गल्लीतून मला तिच्या शेतावरचं आभाळ दिसणार होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी म्हणाले, “सोड. सोमवारी येणारच आहे.”

नंतर कळलं, भाईंनी तिला दोनदा विचारलं होतं. भाभी, एकदा सोडला का मागं जातो, सोचून सांगा. वहिनीनं माझं नाव सांगितलं. भाई म्हणाले, बाईच्या जबानीपुढं आपण काय बोलावं. शेजारच्या शेतकऱ्यानं नंबर घेतला.

सोमवारी चार वाजता ढग आले. मी गच्चीवर उभी होते आणि मनातून म्हणत होते, ये बाबा. आपलं खरं व्हावं म्हणून भावाच्या शेतावर पाऊस मागणारी बहीण! लातूरच्या बाजूला वीज चमकली. उदगीरच्या विद्यार्थ्याचा निरोप आला की चांगली सर आली, चिंच आधीच आत घेतली होती, मेहेरबानी. गावात ग्रुपवरल्या एकाला फोन केला. वारा सुटला होता, पाला उडाला होता, थेंब नव्हता. मंगळवारीही नव्हता. बुधवारी तर असं ऊन पडलं की शेजाऱ्याची हळद दोन दिवसांत वरून सुकायला लागली.

तक्ता चुकला नव्हता. तुरळक ठिकाणी म्हटलं होतं, तुरळक ठिकाणी पडला. चुकले मी होते. पण हे मी त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. वहिनीला फोन करायची हिंमत होईना. तिचाही आला नाही, आणि ते जास्त टोचत होतं.

गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी उमरीला उतरले आणि ऑटोनं गावात गेले. वहिनी लिंबाखाली होती. दोन बायकांना घेऊन तिनं ढीग उघडला होता. आत हात घातला तर ऊब लागत होती, आंबूस वास येत होता. मऊ पडलेली हळद एका टोपलीत, चांगली दुसऱ्या टोपलीत, असं निवडणं चाललं होतं. तिनं मला बघितलं, पाणी दिलं, चहा ठेवायला उठली. मी म्हणाले चहा नको. ती म्हणाली, मग बसा, निवडू लागा. मी बसले. तासभर कुणी पावसाचं नाव काढलं नाही.

शेवटी मीच काढलं. म्हणाले, वहिनी, कागदात ‘येणार’ नव्हतं. येऊ शकतो असं होतं. दहा ठिकाणी बघितलं तर दोन-तीन ठिकाणी. ते मी गाळलं. लोकांना एका शब्दात लागतं म्हणून गाळत आलेय.

तिनं हातातली हळद टोपलीत टाकली. “आता काय लिव्हलंय त्यात? जसं हाय तसं वाचा.”

मी मोबाइल काढला, त्या दिवशीचा सुधारलेला कागद उघडला आणि सगळा वाचला. शनिवारपर्यंत कोरडं. रविवार-सोमवार पुन्हा पिवळं, तुरळक ठिकाणी, दुपारनंतर, वाऱ्यासह. मंगळवारपासून तापमान हळूहळू वाढणार. ती वर्गातल्या हुशार मुलीसारखी मध्येच विचारत होती. दुपारनंतर म्हणजे किती वाजता? वारा आधी येतो का पाऊस? ढग दिसल्यावर किती वेळ मिळतो? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आणि माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाले. भूगोलाच्या बाईला हे जड जातं.

मग ती उठून मागच्या पत्र्याच्या शेडकडं गेली. आतून काहील ओढत आणली. जुनी लोखंडी पसरट कढई, गुऱ्हाळातली असावी, एका बाजूनं गंजलेली. म्हणाली, भाईच्या कुकरची वाट बघत बसले तर ढीग जातो. यात शिजवू. एका वेळी थोडी. शेडमध्ये दोन ताडपत्र्यांची हळद मावती. ढग दिसल्यापासून आत ओढायला चौघींना जेवढी जमंल, तेवढीच उन्हात ठेवायची.

मला हे सुचलं नसतं. ‘येणार’ ऐकलं की माणूस सगळं सोडतो, ‘येत नाही’ ऐकलं की सगळं मांडतो. ‘येईल कदाचित’ असं ऐकल्यावर ती किती मांडायचं ते मोजत होती. मी दोन वर्षं लोकांचा वेळ वाचवते म्हणून फुशारकी मारत होते, आणि खरं म्हणजे त्यांच्या हातातलं मोजमापच काढून घेत होते.

मी एका दिवसासाठी आले होते, आठ दिवस राहिले. सकाळी चूल पेटायची. काहिलीत हळद, वर पाला, त्यावर ओलं पोतं. फेस येऊन वास सुटला की वहिनी झाडूचा हीर घेऊन एक कांडी टोचून बघायची. हीर सहज आरपार गेला की उतरवायची. पहिल्या दिवशी मी घाईनं उतरवा म्हणाले. तिनं मला कांडी मोडून दाखवली, मधे पांढरा ठिपका राहिला होता. म्हणाली, बाई, तुमाला लई घाई असती. हसूनच म्हणाली.

दुपारी एकदा भाई मोटारसायकलवरून येऊन बघून गेले. काहिलीभोवती फिरले, खाली वाकून जाळ बघितला आणि म्हणाले, आमच्या दादाजानच्या जमान्यात अशीच शिजायची. नंबरचं ते काही बोलले नाहीत, नियम म्हणजे नियम. पण जाताना सांगून गेले की उरलेली हळद अजून जमिनीत आहे ती राहू द्या, त्या वेळेला मी येतोच.

रविवारी दुपारी ढग आले. वारा सुटल्याबरोबर वहिनीनं हाक दिली आणि आम्ही चौघींनी ताडपत्र्या आत ओढल्या. माझी कंबर धरली. दहा-बारा टपोरे थेंब पडले, धुळीचा वास सुटला आणि सगळं लातूरच्या दिशेनं उलटं गेलं. कामाच्या दोघी बायका हसायला लागल्या, एवढ्यासाठी बाईला पळवलं म्हणून. आम्ही सगळं परत बाहेर काढलं. वहिनीच्या चेहऱ्यावर त्रासाचं काही नव्हतं. आलं असतं तरी चाललं असतं, नाही आलं तरी चाललं.

ढिगातली चौथाई हळद गेली. बाकीची वाचली. रंग शेजाऱ्याइतका आला नाही, पण आला. शेवटच्या दिवशी उन्हं कलायच्या आधी आम्ही दोघीच ताडपत्रीवर बसून हळद पालथी करत होतो. कामाच्या बायका गेल्या होत्या. मला दुसऱ्या दिवशी नांदेडला निघायचं होतं आणि निघण्याआधी एकदा धड माफी मागावी असं मनात होतं. मी सुरुवात केली की त्या शुक्रवारी फोनवर मी जे बोलले...

“त्याचं काय न्हाई,” ती म्हणाली. “हळद फिरून लावता येती.” हात चालूच होते. मग म्हणाली, “मला एक सांगा. तुमचा भाऊ दवाखान्यात व्हता तवा डॉक्टर खरं काय म्हनले व्हते?”

तीन वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. मी मनातल्या मनात याचं उत्तर शंभरदा तयार केलं होतं. दर वेळी ते वेगळं असायचं आणि दर वेळी त्यात माझी बाजू चांगली दिसायची. दादाला ताप येऊन नांदेडला दाखल केलं होतं. सोयाबीन काढून शेतात पडलं होतं, ढग होते, आणि वहिनी सहा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले, कारण मी शिकलेली. बाहेर आल्यावर मी वहिनीला म्हणाले होते, बरा होतोय, आठवड्यात घरी सोडतील, तू जाऊन सोयाबीन झाकून ये. तिला धीर द्यावा असं वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या तोंडाकडं बघून डॉक्टर म्हणाले ते माझ्याच्यानं सांगवलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, निम्मं-निम्मं आहे. पुढचे दोन दिवस गेले तर वाचतील. नाही गेले तर काही खरं नाही. घरच्या माणसांना जवळ राहू द्या. जसं होतं तसं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

तिचे हात थांबले. “हे कवा म्हनले?”

“सोमवारी सकाळी.”

“मी सोमवारी दुपारच्या गाडीनं आले.”

“हो.”

“तुमी ठेसनावर सोडाया आलता. मी डब्यात चढताना इचारलं, जाऊ ना?”

मी मान हलवली. दादा मंगळवारी पहाटे गेला. ती परत दवाखान्यात पोचली तेव्हा त्याला वॉर्डातून खाली आणलेलं होतं.

“निम्मं कळलं असतं,” वहिनी म्हणाली, “तर मी निम्म्यासाठी बसले असते बाई तितं. सोयाबीन भिजलं असतं तर भिजलं असतं.”

ती रडली नाही. मी रडले, आणि मला त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिचा होता. मी म्हणाले, वहिनी, माझं चुकलं.

“हाव,” ती म्हणाली. “चुकलं.”

जाऊ द्या म्हणाली नाही, तुम्ही तरी काय करणार म्हणाली नाही. मला जे व्हावंसं वाटत होतं त्यातलं काहीही झालं नाही. तरी त्या एका शब्दानं छातीतलं काहीतरी जागेवर बसलं. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं उत्तर होतं ज्यातून कुणी काही गाळलं नव्हतं.

ऊन खाली आलं होतं. तिनं गुडघ्यावर हात टेकून उभं राहत ताडपत्रीचं एक टोक उचललं आणि मला दुसरं धरायला सांगितलं.